ती नळी माझीच आहे

१७ नोव्हेंबर, सोमवार

माझी आहे म्हणून सांगून टाकलं. आता व्हायचं ते होवो!

झालं असं. दुपारी गच्चीवर वाती वळत बसले होते. ऊन गोड होतं, डोळा लागला. नात – आरोही – कपडे वाळत घालायला वर आलेली. मला जाग आली ती मुलाच्या – सोमनाथच्या – ओरडण्याने. एकलहऱ्याच्या वीजघरातून पहिली पाळी करून येत होता. गल्लीच्या तोंडापासून त्याला आमच्या कठड्यावरून पांढरा लोट निघताना दिसला. आग लागली म्हणून धापा टाकत वर आला. आग कुठली! माझ्या कापसाच्या गोणीत हात घातला आणि एक नळी बाहेर काढली. वीतभर लांब, हाताला जड, वर काचेचं इवलंसं भांडं.

"कुणाची आहे ही?"

आरोही पांढरी पडली. सोमनाथने नळी फरशीवर आपटली. काच फुटली. "उद्यापासून कॉलेज बंद. फार्मसी नको नि काही नको. दिंडोरीच्या स्थळाला हो म्हणून कळवतो."

पोरगी वीस वर्षांची. तोंडातून निघून गेलं – "माझी आहे."

"आई, तू मध्ये पडू नको."

"का नको? गोणी माझी, कापूस माझा, मग आतली वस्तू कुणाची असणार – नगरसेवकाची?"

तो हसला नाही. एरवी हसतो. म्हणाला, "तुझी ना? मग ही दुरुस्त कर, आणि मी खालून पाहिला तेवढा धूर मला काढून दाखव. या रविवारी मला ड्युटी आहे. त्याच्या पुढच्या रविवारी. तोवर पोरगी घरात. नाही जमलं, तर दिंडोरी."

जमवीन! म्हातारी आहे, मेलेली नाही.

(फोनला अंगठा लावला की उघडतो. माइकचं चित्र दाबलं की मी बोलते ते लिहितो. आरोहीनेच शिकवलं. मला अक्षर येत नाही, पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. म्हणजे हे चोरून वाचायची सोय मलाही नाही. बरंच आहे.)

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आरोहीचं रडून झालं. मग बोलली. व्हेप म्हणतात त्याला, विजेवरची सिगारेट. मैत्रिणीकडून घेतली म्हणे, चार महिने झाले. "टेन्शन येतं गं आजी, परीक्षेचं."

टेन्शन! सिन्नरला चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन रोजच्या हजार विड्या वळल्या मी. एक कधी तोंडात धरली नाही. ओढायच्या पुरुषांनी आणि तंबाखूची धूळ खाऊन खोकायचं आम्ही बायांनी. तेव्हा मला कुणी टेन्शन विचारलं?

तिला म्हटलं, "ही नळी मी माझी म्हणेन. पण आजपासून ती खरंच माझी. तू तोंड लावायचं नाही. आणि ती तंबाखूच्या अर्काची बाटली – आत्ता, माझ्यासमोर, मोरीत."

ओतली. बाटलीला आंब्याचा वास! तंबाखूला आंबा लावतात, मेले. घरभर घमघमाट. सून उज्वला शाळेतून आली – तिथं खिचडी शिजवते ती – आणि दारातच थबकली. एक उदबत्ती लावली आणि कुकर चढवला.

तीन डिसेंबरपासून आरोहीची प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. ती बुडली की वर्ष गेलं. वर्ष गेलं की दिंडोरी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फुटलेल्या भांड्याच्या जागी आरोहीने तिच्याकडचं जादाचं भांडं लावलं, आणि नळीचं पोट उघडून पाहिलं. एवढंसं तर आहे! तारेचं वेटोळं, त्यातून ओवलेला कापूस. कापूस रस पितो, तार तापते, रसाची वाफ होते. आरोही म्हणते, "आजी, धूर नाही म्हणायचं, वाफ." मी धूरच म्हणणार.

अडचण एकच. माझ्या छातीत तंबाखूची धूळ बसलीय. आरोहीने शपथ घातली – आत ओढायचं नाही, तोंडात धरायचं आणि सोडायचं. "पण आजी, तोंडात मावेल तेवढ्याचा लोट कसा होणार?"

"दाट करायचा," म्हटलं. "पातळ ताक लोटाभर लागतं, दही वाटीत भागतं."

२० नोव्हेंबर, गुरुवार

रस कुठून आणायचा या विचारात होते, तर फळीवर ग्लिसरीनची बाटली. उज्वला भांडी विसळता विसळता, पाठ फिरवूनच म्हणाली, "आई, तुमच्या टाचांना आणलंय. फार भेगा पडल्यात."

माझ्या टाचा लोण्यासारख्या आहेत. तिला माहीत आहे, मला माहीत आहे. आरोही म्हणाली, यात पाण्याचे चार थेंब टाकले की झालं, आणि ग्लिसरीन जास्त तितका धूर दाट. आता तीही धूर म्हणायला लागली.

आरोहीच्या कंपासपेटीत तारेचं भेंडोळं होतं. तिने स्क्रूड्रायव्हरवर वळून पाहिली. एक वेढा इकडे, एक तिकडे – जणू गाढवाने शेपटी वळवली! "आण इकडे." विणायची सुई घेतली. अंगठा, मग पहिलं बोट, तार ताणून धरायची आणि सुई फिरवायची. सहा वेढे, एकाला एक चिकटून. हजार विड्यांच्या कमरेला दोरा बांधणारी बोटं आहेत ही. डोळे गेले, पण बोटांचं अजून काही बिघडलेलं नाही.

आरोही म्हणाली, "आजी, लोक यूट्यूबवर हे शिकायला महिना घालवतात."

"त्यांना सट्टेदार भेटला नसेल," म्हटलं. सट्टेदार म्हणजे विड्या मोजून घेणारा. वाकडी दिसली की सगळी जुडी तोडून तोंडावर फेकायचा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जळलं!

पहिला घोट तोंडात घेतला आणि वाटलं चुलीतली राख खाल्ली. आणि राखच होती! वात वळताना बोटं राखेत बुडवायची सवय – कापूस सुटत नाही, वात टोकदार होते. हात आपोआप वाटीकडे गेला, बोटं बुडवली, कापूस वळला, घातला वेटोळ्यात. वरून असा पीळ दिला जणू समईत लावायचीय. रस वर चढेचना, कापूस कोरडा, तार लाल, तोंड कडू. चार वेळा गूळ खाल्ला.

आरोही घाबरली होती. पण माझं तोंड बघून तिला हसू आवरेना. सोमवारपासून पहिल्यांदा हसली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज हात धुऊन बसले, राखेची वाटी खाली ठेवून आले. कापूस सैल घातला. इतका सैल, की नळी हुक्क्यासारखी गुडगुडली आणि गरम थेंब ओठावर उडाला. ओठ सुजला. सोमनाथने जेवताना विचारलं, "काय झालं?"

"तुझी वस्तू दुरुस्त करते आहे."

"माझी नाही, तुझी."

"तेच म्हणते मी!" वर भाजीला मीठ कमी म्हणून उज्वलावर ओरडले, म्हणजे विषय संपला. बिचारीने मीठ बरोबर घातलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सोमनाथ ड्युटीवर. सकाळपासून आम्ही दोघी गच्चीवर.

कापसाचं गणित सुटलं. वेटोळ्यातून ओढताना तार हलली नाही पाहिजे, पण कापूस अडकला पाहिजे. विडीत तंबाखू भरतो तसाच. दाबून भरली तर ओढ लागत नाही, मोकळी भरली तर भुर्रकन जळते. हे मला दोन दिवस आठवलं नाही, कारण मी डोक्यात वात धरून बसले होते. हातात दोन धंदे असले की असं होतं.

मग हवा. नळीला खाली एक कडं आहे, फिरवलं की भोकं उघडतात-मिटतात. आरोहीने सगळी उघडून दिली – "मोठा धूर काढणारे अशीच ठेवतात." मी ओढलं. गार वारा आला तोंडात, धूर विरळ. गाळलेल्या पेजेसारखा. सगळी मिटली – धूर दाट, पण टाळू भाजली आणि निघाला चिमूटभर. छाती भरून ओढणाऱ्यांना उघडी भोकं चालतात, मी घोटभर घेणारी! मग अर्ध्यावर आणलं. मग अजून एक सूत खाली. आणि भोक तारेच्या बरोब्बर समोर, वर नाही, खाली नाही. हवा तारेला घासून गेली पाहिजे. चुलीत फुंकणी निखाऱ्यावर धरतो, भिंतीवर नाही.

निघाला! दुधाच्या सायीसारखा. आरोहीने टाळ्या पिटल्या.

पण गल्लीच्या तोंडावरून दिसायला हवा ना? आरोहीला घराबाहेर बंदी. उज्वला पिशवी घेऊन उभीच होती. "कोथिंबीर संपलीय." गेली, कोपऱ्यावर थांबली, जुडी घेऊन परत आली. "आई, आज नाही दिसला."

२४ नोव्हेंबर, सोमवार

कोथिंबीर. नाही दिसला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज भजनाला गेले. गल्लीत कळलंय सगळं. सोमनाथ ओरडतो तेव्हा गोदावरीच्या पलीकडे ऐकू जातं. आवाज बापाचा घेतलाय, अण्णांचा. भागुबाई आधीच दारात उभी. सिन्नरला माझ्या शेजारी बसून विड्या वळायची, आता समोरच्या घरात लेकीकडे राहते. "काय गं लंके, म्हातारपणी चटक लागली म्हणं? मला नाय बोलावलंस? लय एकटी खाती तू!"

तिचं चालतं. ती चिडवते पण सोबत चालते.

विठाबाईचं तसं नाही. ती मंडळाची मुख्य. मी टाळ उचलले तर म्हणाली, "लंकाबाई, आज मागं बसा. टाळ द्या दुसऱ्या कुणाकडे. तोंडाला वास असला की देवासमोर बरं नाही."

तीस बायका. सगळ्यांच्या माना पोथीत. माझ्या कानशिलातून वाफ निघाली – ती मोजली असती तर रविवारचं काम तिथंच झालं असतं!

म्हटलं, "विठाबाई, तुझे मालक हयातभर विड्या ओढून देवासमोर पेटी वाजवत होते. त्यांच्या तोंडातली विडी कुणी वळलेली होती? मी. तेव्हा वास नाही आला कुणाला?"

टाळ दिले नाहीत. पुढेच बसले. जोरात वाजवले. भागुबाई माझ्याहून जोरात.

घरी आल्यावर मात्र चहा गोड लागेना. चाळीस वर्षांत जे केलं नाही त्याचा डाग लागला. लागू दे. पोरीच्या वर्षापुढे माझ्या तोंडाचा वास काय घेऊन बसलात?

२६ नोव्हेंबर, बुधवार

एकाच्या जागी दोन वेटोळी बसवली. कल्पना माझी, हिशेब आरोहीचा. नळीवर एक आकडा दिसतो, तो फार खाली गेला तर बॅटरी तापते म्हणे. "आजी, तिथं मी सांगेन तेच." ऐकलं. पोरगी आकडे वाचते, तार जाडी घ्यायची की बारीक, वेढे सहा की पाच, भराभर सांगते. हिला दिंडोरीला धाडून काय करणार, पापड मोजायला लावणार?

दोन्ही वेटोळी एकदम लाल व्हायला हवीत, आणि मधून. कडेचा वेढा आधी पेटत असेल तर चिमट्याने दाबायचं. जिन्यात अंधार केला आणि कापूस न घालता बघितलं. एक पेटलं, दुसरं रुसलं. दाबलं. परत. परत. मग दोन्ही मधूनच लाल झाली आणि लाली दोन्ही टोकांना सावकाश पसरत गेली. आम्ही दोघी बघत राहिलो. काहीतरी बरोबर झालं की शरीराला कळतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सोमनाथ म्हणतो, "चार दिवस झाले कोथिंबिरीच्या वड्याच का?" उज्वला म्हणते, "स्वस्त आहे."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उज्वला आज कोथिंबीर न घेता आली. पळतच आली. जिन्यात पदर तोंडाला लावून हसत होती. "आई – दिसला! कोपऱ्यावरचा भाजीवाला म्हणाला, वहिनी, तुमच्या गच्चीवर बंब चढवलाय का?"

बावीस वर्षांत सुनेने मला पहिल्यांदा मिठी मारली. घाम आणि फोडणीचा वास. बरं वाटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आरोही बिथरली. सकाळी म्हणाली, "मी पप्पांना खरं सांगते. तुला भजनात बोलले ते भागुआजीने सांगितलं मला. माझ्यासाठी तुझं नाव नको खराब व्हायला."

भागी! पोटात तीळ भिजत नाही तिच्या.

"सांग जा," म्हटलं. "सांग आणि बस दिंडोरीला द्राक्षं निवडत. माझं नाव खराब होऊन माझं काय अडणार आहे? मला स्थळं यायची आहेत?"

"पण आजी, खोटं आहे ना ते."

"कुठलं खोटं? तार मी वळली. कापूस माझा. ओठ माझा भाजला. तुझं काय राहिलंय त्यात?"

ती खाली बसून माझे पाय चेपायला लागली. मी विचारलं, "परत हात लावशील का त्याला?" लगेच नाही म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता. थोडा वेळ घेतला तिने. मग म्हणाली, "रोज आठवण येते. पण नाही लावणार."

३० नोव्हेंबर, रविवार

आज.

दहा वाजता सोमनाथ गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून. मी गच्चीवर कठड्याशी. हिरवं लुगडं नेसले होते, ठेवणीतलं. आरोही मागे, उज्वला जिन्यात. समोर भागुबाई खिडकीत, आणि तिने बोलावलेल्या पाच जणी. विठाबाईसुद्धा! अशी बघत होती जणू दळण आणायला निघालीय.

पहिला घोट – फुस्स! नदीकडून वारा आला आणि उडवून नेला. सोमनाथ हललाही नाही.

दुसरा – बटण मध्येच सुटलं. भागुबाई ओरडली, "लंके, चुलीत काटकी घाल गं!" सगळ्या हसल्या. मागे आरोहीचा श्वास अडकलेला ऐकू येत होता.

थांबले. वाऱ्याकडे पाठ केली. कडं एक सूत मिटवलं. कापसावर सहा थेंब टाकले, ते मुरू दिले. घाई केली की जळतं, हे मी राख खाऊन शिकलेय. मग बटण दाबलं, आतली करकर ऐकली आणि गाल भरून घेतले. सोडलं. लगेच दुसरा, पहिला विरायच्या आत. लगेच तिसरा.

मला काही दिसेना! कठडा नाही, भागी नाही, गल्ली नाही. सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात मी एकटी, बाहत्तर वर्षांची, हिरव्या लुगड्यात – आणि खरं सांगू? मजा आली! इतकी वर्षं माझ्या हातच्या विड्या दुसऱ्यांनी ओढल्या. आज माझ्या हातचा धूर माझा होता.

विरला तेव्हा खालून शिट्टी आली. भाजीवाला. भागुबाई म्हणाली, "आगं आई! वीजघराची चिमणी झाली की बया!"

सोमनाथ वर आला. सावकाश. मी नळीतली बॅटरी काढून त्याच्या हातात दिली, नळी दुसऱ्या हातात. "घे. माझी हौस झाली. परत लागणार नाही." त्याने दोन्हींकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"उद्या कॉलेजला जाऊ दे तिला," म्हणाला आणि खाली गेला.

१ डिसेंबर, सोमवार

गेली! नऊची बस, दोन वेण्या, डबा विसरली. उज्वला मागे धावली.

जिंकले. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तुला सांगते.

३ डिसेंबर, बुधवार

आरोही परीक्षेला गेली. सोमनाथ पाळीवर गेला नाही. माझ्यापाशी गच्चीवर येऊन बसला, कधी नव्हे ते. म्हणाला, "तुझी नव्हती ती. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग हा सगळा तमाशा कशाला केलास?"

माझ्या गोणीतला कापूस ओढला. कापसाचे तुकडे करत राहिला.

"बघायचं होतं, तू कुठवर जातेस," म्हणाला. "मी नववीत होतो, आई. अण्णांना माझ्या खिशात एक विडी सापडली. त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळा सोडवून मला वर्कशॉपला घातलं. तू तिथंच बसलेली होतीस, पानं कापत. मान वर केली नाहीस. आणि ती विडी तर खरंच तुझी होती, तुझ्या सुपातली."